जोतीराव मिशनच्या शाळेत शिकले, मग?

यंदाच्या ११ एप्रिलला पेठ वडगावात आमच्या विहारात क्रांतिबा जोतीराव फुल्यांची जयंती झाली. हार झाले, भाषणं झाली, चहाही झाला. माणसं चपला शोधायला लागली तेव्हा मागच्या रांगेतला बारावीचा एक पोरगा उभा राहिला आणि मोबाईलवर आलेला मजकूर त्यानं मोठ्यानं वाचून दाखवला. फुले मिशनऱ्यांच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांच्या पैशावर जगले, मिशनऱ्यांनी पढवलं ते बोलले, अशा अर्थाचं काहीतरी. वाचून झाल्यावर त्यानं विचारलं, "यातलं खरं किती?"

दोघंतिघं वयस्क कार्यकर्ते एकदम म्हणाले, "सगळं खोटं आहे, बस खाली."

मला ते पटलं नाही. यातलं पहिलं वाक्य खरं आहे. जोतीराव मिशनच्या शाळेतच शिकले. ते लपवायचं कशाला? लपवलं की समोरच्याला वाटतं, यांच्या पोटात काहीतरी आहे. उरलेली दोन वाक्यं खोटी आहेत, आणि ती खोटी का हे समजायचं असेल तर पहिलं वाक्य नीट उघडून पाहावं लागतं. त्या पोराला उभ्या उभ्या जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. उरलेलं इथे लिहितो.

आधी पैशाचं मिटवून टाकू. जोतीराव ठेकेदार होते, बागाईतदार होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. कुणाच्या ओंजळीनं पाणी पिणारा हा माणूस नव्हता.

आता शाळा. लहानपणी जोतीरावांची शाळा एकदा सुटली होती. माळ्याच्या पोराला शिकून काय करायचंय, असं एका ब्राह्मण कारकुनानं गोविंदरावांच्या मनात भरवलं आणि पोरगा पाटी सोडून मळ्यात गेला, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली. एक मुसलमान, एक ख्रिस्ती. १८४१ साली जोतीराव पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. १८४७ पर्यंत तिथे शिकले.

ही शाळा चालवणारे लोक कसे होते? आज 'कॉन्व्हेंट' म्हटल्यावर टाय, बूट आणि जाडजूड फी डोळ्यांपुढे येते. ते चित्र इथे उपयोगाचं नाही. हे स्कॉटलंडचे कडवे प्रेस्बिटेरियन होते. बायबलचा शब्द न् शब्द देवाचा, माणूस जन्मतः पापी आणि येशूवाचून तरणोपाय नाही, यावर त्यांचा पक्का विश्वास. शाळा काढली तीच मुळी माणसं येशूकडे यावीत म्हणून. भूगोल, गणित, इंग्रजी ही वाट, मुक्काम बाप्तिस्मा. कलकत्त्यात अलेक्झांडर डफ यांनी १८३० साली हीच रीत चालू केली होती आणि मुंबईत जॉन विल्सन यांची शाळाही त्याच वळणाची. पाश्चात्त्य विद्या शिकवली की हिंदू पुराणं आपोआप ढासळतील आणि रिकाम्या जागेत बायबल बसेल, असा त्यांचा हिशेब होता.

आणि हे लोक स्वतःच्या मतासाठी किंमत मोजणारेही होते. जोतीराव शाळेत असतानाच, १८४३ मध्ये, स्कॉटलंडचं चर्च फुटलं. गावच्या चर्चचा पाद्री जमीनदारानं नेमायचा की मंडळीनं निवडायचा, यावरून साडेचारशेच्या आसपास पाद्री सरकारमान्य चर्चमधून उठून बाहेर पडले. पगार गेला, राहती घरं गेली. पश्चिम भारतातले स्कॉटिश मिशनरी त्या बाहेर पडलेल्यांच्या बाजूनं उभे राहिले. चौदा-सोळा वर्षांच्या पोरांसमोर शिकवायला उभे होते ते असे लोक. वरच्याच्या हुकमाला नकार देता येतो, हे शिकवणाऱ्यांनी धड्यात सांगितलं असेल-नसेल, वागण्यात होतं.

त्या काळी मिशनची शाळा म्हणजे पालकांच्या पोटात गोळा. मुंबईत १८३९ साली दोन पारशी तरुणांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा गदारोळ उठला आणि विल्सन यांच्या शाळेतली मुलं भराभर कमी झाली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहायला गेला, तर बाप कोर्टात गेला आणि मुलाला परत घेऊन आला. मग वाद सुरू झाला, की मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या पोराला जातीत घ्यायचं की नाही. बाळशास्त्री जांभेकर घ्या म्हणत होते आणि सनातनी मंडळी त्यांच्यावर तुटून पडली होती. लक्षात घ्या, पोरगं काय शिकलं याची चर्चा कुणी केली नाही. चर्चा झाली ती त्यानं कुणाच्या हातचं खाल्लं याची.

अशा वर्गात जोतीराव बसले होते. बरोबर सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे हे ब्राह्मण मित्र. सहा वर्षं रोज प्रार्थना ऐकली, बायबलचे धडे घेतले. आणि यातलं कुणीही ख्रिस्ती झालं नाही.

हे कसं झालं?

याचं अर्धं उत्तर एका पुस्तकात आहे. १८४७ च्या सुमारास या मित्रांच्या हाती टॉमस पेन लागला. 'राइट्स ऑफ मॅन' त्यांनी वाचलं, हे सर्वांना माहीत आहे. पण या पेनचंच दुसरं पुस्तक आहे, 'द एज ऑफ रीझन'. त्यात त्यानं बायबलची चिरफाड केली आहे. देव एक आहे, पण देवानं लिहिलेलं पुस्तक असं काही नाही, ही सृष्टी हेच त्याचं पुस्तक, असं पेन सांगतो. कलकत्त्याला अमेरिकेतून पेनच्या स्वस्त प्रती यायच्या आणि कॉलेजची पोरं त्या चढ्या भावानं घ्यायची, तेव्हा डफसारख्यांचा जीव कासावीस व्हायचा. पादऱ्यानं इंग्रजी शिकवलं बायबल वाचता यावं म्हणून, आणि पोरांनी त्याच इंग्रजीत पेन वाचला! अक्षरओळख झाली की पुढे काय वाचायचं ते शिकवणाऱ्याच्या हातात राहत नाही. मनूनं शूद्राच्या कानात अक्षर पडू नये म्हणून एवढा बंदोबस्त का केला होता, तेही इथे कळतं.

मिशनऱ्यांनाही हे कळलं होतं, आणि यावरून त्यांच्यातच भांडण लागलं. त्या भांडणाचं एक टोक आपल्या कोल्हापुरात आहे म्हणून थोडं सविस्तर सांगतो. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी आधी अहमदनगरला होते, १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि त्यांनी शाळांवर भर दिला. १८५४-५५ मध्ये त्यांच्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन पाहणीसाठी हिंदुस्थानात आले. अँडरसन यांचं म्हणणं थोडक्यात असं: बिगरख्रिस्ती पोरांना इंग्रजी कशाला शिकवता? ती विद्या घेतात, सरकारी नोकरी धरतात आणि येशूकडे पाठ फिरवतात. त्यापेक्षा उपदेश करा, देशी भाषेत करा, आणि शाळा हव्यातच तर ख्रिस्ती झालेल्यांच्या मुलांसाठी ठेवा. त्या फेरीत इंग्रजी शाळांवर कुऱ्हाड आली. सिलोनमधलं जाफन्याचं नावाजलेलं बट्टिकोटा सेमिनरीसुद्धा १८५५ साली बंद झालं. वाइल्डर यांना हे मान्य नव्हतं. त्यांचं बोर्डाशी बिनसलं, पुढे कोल्हापुरात ते स्वतंत्रपणे काम करत राहिले आणि १८७० मध्ये ते मिशन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं.

म्हणजे पाहा. मिशनच्या शाळेत शिकलेला तो मिशनचा गुलाम, असं आजचे मजकूरवाले म्हणतात. आणि खुद्द मिशनचा सचिव दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी कपाळाला हात लावून सांगत होता, की शिकलेली पोरं आपल्या हाताला लागत नाहीत!

पण नुसतं हाताला न लागणं ही काही मोठी गोष्ट नव्हे. अँडरसनची तक्रार ज्या मुलांबद्दल होती त्यातली बहुतेक घरंदाज होती. त्यांनी विद्या घेतली, मामलेदार झाली, घरी येऊन सोवळं नेसली. जोतीराव वेगळे ठरतात ते इथे. त्यांनी शाळेतून विद्येखेरीज आणखी एक गोष्ट उचलली: कुणाला शिकवायचं याचं भान. १८४८ च्या सुमारास गोवंडे यांच्याबरोबर ते अहमदनगरला गेले आणि सिंथिया फरार बाईंच्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या. या फरारबाई १८२७ साली अमेरिकेतून एकट्या मुंबईत उतरल्या होत्या. लग्न न झालेली एकटी बाई, परमुलूख, परकी भाषा. १८६२ मध्ये अहमदनगरलाच वारल्या. त्यांच्याकडे पाहून जोतीरावांना मुलींच्या शाळेची कल्पना सुचली, आणि हे ऋण त्यांनी कधी लपवलं नाही. सावित्रीमाईंचं अध्यापनाचं शिक्षणही फरारबाईंकडे अहमदनगरला आणि मिचेलबाईंकडे पुण्याला झालं.

मग भिडेवाड्यात शाळा निघाली. ती मिशनची शाळा नव्हती. तिथे येशूची प्रार्थना नव्हती आणि गणपतीचीही नव्हती. शाळेचा साचा मिशनऱ्यांकडून घेतला आणि त्यातून बाप्तिस्मा काढून टाकला. १८५४ मध्ये जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या मुलींच्या शाळेत काही काळ शिकवायलाही होते. हंटर आयोगापुढच्या १८८२ च्या निवेदनात त्यांनी मिशनच्या मुलींच्या वसतिशाळेत शिकवल्याचं उघड नोंदवलं आहे. ज्याला काही लपवायचं असतं तो सरकारी आयोगाला असं लिहून देतो काय?

या शाळेत काय पिकलं ते मुक्ता साळवेच्या निबंधात दिसतं. मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी, तीन वर्षं शाळेत गेलेली. तिचा निबंध १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मराठी मिशनचं पत्र. मुक्ताचा युक्तिवाद सरळ आहे: वेद आमचेच, ते तुम्ही पाहायचेही नाहीत, असं ब्राह्मण म्हणतात, मग आम्हांला धर्मपुस्तकच नाही, म्हणजे आम्ही धर्मावाचूनचे, तर देवा, आमचा धर्म कोणता ते तूच सांग. मिशनरी संपादकानं ते मोठ्या आशेनं छापलं असणार. उत्तर त्याच्या खिशात तयार होतं. पण मुक्तानं त्या संपादकाला विचारलेलंच नाही! तिनं प्रश्न मोकळा सोडला, आणि पुढची शंभर वर्षं तो मोकळाच राहिला.

जोतीरावांनी आपलं उत्तर आयुष्याच्या शेवटी लिहिलं. 'सार्वजनिक सत्यधर्म' त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात निर्मिक आहे. पण निर्मिकाचा एकुलता एक पुत्र नाही, दलाल नाही, एकच एक पवित्र पुस्तक नाही. आणि त्यात ते घर आहे जिथे बाई बौद्ध झाली, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सार्वजनिक सत्यधर्मी, तरी सगळे एकमेकांचा द्वेष न करता नांदतात. कडव्या मिशनऱ्याला हे घर जेवढं न पटणारं, तेवढंच शंकराचार्यालाही. येशूला त्यांनी मानलं, अगदी बळीराजाच्या नात्यात नेऊन बसवलं. पण मानलं ते आपल्या अटींवर, आपल्या बळीच्या रांगेत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांना यातलं काहीच दिसलं नाही. 'निबंधमाले'त त्यांनी जोतीरावांच्या व्याकरणाच्या चुका काढल्या. शूद्राच्या मुद्द्याला उत्तर नसलं की त्याचे ऱ्हस्वदीर्घ मोजायचे, ही खोड आजही गेलेली नाही.

आता दुसरी एक विद्यार्थिनी पाहू, कारण तीही ख्रिस्ती झाली नाही. आनंदीबाई जोशी. गोपाळराव जोशी पोस्टखात्यात होते. १८७८ मध्ये कोल्हापुरातूनच त्यांनी वर सांगितलेल्या वाइल्डर यांना पत्र लिहिलं, की बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, मदत करा. वाइल्डर तोवर अमेरिकेत परतले होते. त्यांनी उत्तरात येशूचा मार्ग दाखवला आणि दोन्ही पत्रं आपल्या 'मिशनरी रिव्ह्यू'त छापली. तो अंक न्यू जर्सीच्या कार्पेंटर नावाच्या बाईंच्या हाती दाताच्या डॉक्टरकडे खोळंबून बसल्या असताना पडला, आणि त्यांनी धर्माची अट न घालता हात पुढे केला. सतरा वर्षांच्या आनंदीबाईंनी निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ ला, सेरामपूर कॉलेजात भाषण केलं: हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. हे कॉलेज कुणाचं? विल्यम केरी आणि त्यांच्या बॅप्टिस्ट सोबत्यांचं, १८१८ साली काढलेलं! तिथे उभं राहून हे बोलायला छाती लागते. जहाजावर सोबत मिशनरी बायकांची होती. त्या सोबतीतही ती मुलगी ढळली नाही. मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाली, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, तिची नेमणूक झाली आणि रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. वय एकवीस.

त्या मुलीबद्दल माझ्या मनात आदरच आहे, हे आधी सांगतो. पण तिच्या नकाराची जात वेगळी होती. तिनं पादऱ्याला नाही म्हटलं आणि घरातल्या व्यवस्थेला हो म्हटलं. अमेरिकेत तिनं बालविवाहाची बाजू मांडली, जिचं लग्न स्वतः नवव्या वर्षी झालं होतं. प्रबंधाचा विषय घेतला आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. तिला परत यायला घर होतं, जात होती, आणि ती जात टिकवून परत यायचं होतं. मुक्ता साळवे 'जशी गेले तशीच परत येईन' असं म्हणू शकली असती का? परत यायचं तरी कुठे, मांगवाड्यात? जोतीरावांचा नकार दुहेरी होता. पादऱ्याच्या पुस्तकाला नाही, भटाच्या पुस्तकालाही नाही. म्हणूनच तो दोघांनाही पचला नाही.

आणि एकेरी नकाराची गंमत बघा. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा दिला गेला. जमलेल्यांत रानडे होते, टिळक होते. याच गोपाळराव जोश्यांनी चहा घेणाऱ्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. ग्रामण्य झालं, शंकराचार्यांचं कमिशन बसलं, आणि हायकोर्टाच्या न्यायाधीशापदापर्यंत पुढे गेलेल्या रानड्यांपासून टिळकांपर्यंत प्रायश्चित्ताची भाषा करावी लागली. एका कप चहासाठी! त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला जोतीराव गेले. मिशनचं पाणी ते पन्नास वर्षं पीत होते आणि त्यांच्याकडून प्रायश्चित्त घ्यायची कुणाची छाती झाली नाही.

बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे नेला. आमच्या वडगावच्याच तालुक्यात, हातकणंगल्यात, माणगाव आहे. तिथे मार्च १९२० मध्ये शाहू महाराजांनी बाबासाहेबांना आपला पुढारी म्हणून लोकांपुढे उभं केलं. १९३५ ला येवल्याची घोषणा झाली, आणि मग सगळ्या धर्मांचे लोक त्यांच्या दारी आले, मिशनरीही आले. १ जानेवारी १९३८ ला सोलापुरात ते ख्रिस्ती बांधवांसमोर बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी मला ओढून घेतलं, असं सांगितलं. आणि त्याच तोंडानं विचारलं, की तुमच्यात एवढं शिक्षण असून तुम्ही अन्यायाविरुद्ध का उठत नाही, राजकारणात मागे का? दक्षिणेत चर्चमध्येही जात शिरली आहे, हे त्यांनी सुनावलं. मिशनच्या दवाखान्याला, शाळेला त्यांनी कधी कमी लेखलं नाही. फक्त दवाखान्याचं बिल म्हणून श्रद्धा द्यायला ते तयार नव्हते.

आणि जे आपले भाऊ ख्रिस्ती झाले त्यांना आजही किंमत मोजावी लागते. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात हिंदूंखेरीज इतरांना जागा नव्हती. शिखांना १९५६ मध्ये घेतलं, बौद्धांना १९९० मध्ये. महार, मांग ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. मिशनऱ्यांच्या नावानं शिमगा करणाऱ्यांनी यावर तोंड उघडलेलं मी तरी ऐकलं नाही. खरं तर आपणही कमीच उघडतो.

हे सगळं मला एवढं लागतं याचं कारण घरचं आहे. वडगावहून कोडोली काही लांब नाही. माझ्या आईची बाळंतपणं तिथल्या मिशनच्या दवाखान्यात झाली, आणि तिथल्या नर्सबाईंनी आईला हात लावताना जात विचारली नाही, हे ती मरेपर्यंत सांगायची. मी स्वतः चार वर्षं एका मिशनच्या बोर्डिंगात होतो, ते दुसऱ्या जिल्ह्यात. सकाळी प्रार्थना, रविवारी वचनं पाठ. पाठांतरात माझा पहिला नंबर आला आणि बक्षीस म्हणून निळ्या पुठ्ठ्याचा 'नवा करार' मिळाला. सुट्टीत घरी आलो की भिंतीवर बाबासाहेब, आणि आजी बावीस प्रतिज्ञा म्हणून घ्यायची. दोन्ही पाठ होतं. एकदा तिथल्या एका मास्तरांनी वर्गात सांगितलं, की ज्यांनी प्रभूला स्वीकारलं नाही ते सगळे नरकात जातात. मी हात वर केला आणि विचारलं, "बाबासाहेब पण?"

मास्तर बराच वेळ गप्प राहिले. ते आमच्याचपैकी होते, त्यांच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतलेला. मग म्हणाले, "पुढचा धडा काढा." त्या दिवसापासून त्यांनी मला वचनं विचारली नाहीत; पण इंग्रजी मात्र आधीपेक्षा कसून शिकवलं.

जयंतीच्या दिवशी त्या पोराला मी विहाराच्या कपाटातलं 'सार्वजनिक सत्यधर्म' दिलं. दोन दिवसांनी बाजारात भेटला. म्हणाला, "दादा, त्या चार धर्मांच्या घरात सून कुठल्या जातीची आणायची, ते लिहिलंच नाही की त्यांनी." मी म्हटलं, पुढं वाच. पुस्तक अजून त्याच्याकडेच आहे.